मेजर टीलेमान आणि नदीवरचा पूल

एगोन टीलेमान फौजेत गेला तो घोड्यांच्या हौसेपायी. वेझर नदीकाठच्या लहानशा गावात बापाचं खोगिरांचं दुकान होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घोड्यांसाठी चामडं शिवत बसणं काही त्याला मानवेना. १९१४ साली तो मोठ्या ऐटीत घोड्यावरून लढाईला निघाला. त्या ऐटीचं दिवाळं वाजायला वेळ लागला नाही. घोडा लवकरच मेला आणि पुढची वर्षं चिखलाच्या खंदकात गेली. तिथंच तो लेफ्टनंट झाला. "चांगले अधिकारी संपले होते, मग माझा नंबर लागला," असं तो हसत सांगे.

जर्मनी हरली, फौज आटली, पण टीलेमान टिकला. मेटाशी लग्न झालं. नाझींची नवी राजवट आली तसा पगार वाढला, हुद्दाही वाढला.

"शपथ देशाच्या नावानं नाही, त्या एका माणसाच्या नावानं घेतलीस, कळतंय ना तुला?" मेटानं विचारलं.

"सगळेच घेतात गं."

दुसऱ्या महायुद्धात पोलंडहून रजेवर आला, तेव्हा मात्र तो ताटावर नुसता बसून राहायचा. काय पाहिलं ते त्यानं कधी सांगितलं नाही, आणि परत गेला.

रशियाच्या थंडीत पायाची बोटं गेली. १९४५च्या वसंतात लंगडणाऱ्या मेजरला त्याच्याच गावी धाडलं. हुकूम असा की अमेरिकन दिसले की पूल उडवायचा आणि गाव शेवटपर्यंत लढवायचं. हाताशी गावातलेच दमेकरी म्हातारे.

दुपारी मेटा बटाट्याचं सूप घेऊन पुलावर आली.

"हुकूम देणारा कुठाय?"

"मोटारीत सामान भरून सकाळीच गेला."

"आणि तू इथं मरणार?"

म्हातारा हवालदार कुंत्से खाकरला. "साहेब, बाईंचं ऐका. माझं घर पहिल्याच गल्लीत आहे."

टीलेमाननं आजवर एकही हुकूम मोडला नव्हता. आता पुलाखाली लावलेल्या सुरुंगाच्या तारा त्यानं स्वतः कापल्या. मेटानं घरून पांढरा टेबलक्लॉथ आणला, कुंत्सेनं तो काठीला बांधला, आणि मेजर लंगडत रणगाड्यांसमोर गेला.

दोन वर्षं कैदेत काढून तो परतला आणि सिमेंटच्या कारखान्यात पहारेकरी झाला. गुत्त्यात एकदा जुन्या पलटणीतला कोणी डिवचून म्हणाला, "शपथ मोडलीस, टीलेमान."

"मोडली," तो म्हणाला. "फार उशिरा मोडली."

मग त्यानं शांतपणे बिअर मागवली. कुंत्सेनं शेजारची खुर्ची ओढली आणि पत्ते पिसायला घेतले.