सात नंबरच्या जाळीचा फोटो

"कुणी काढला? कवा काढला? आन् काय दाखवायला काढला?"

कुठलाही फोटो समोर आला की अण्णांचे हे तीन प्रश्न ठरलेले. माझ्या मुलीच्या बारशाचे पेढे वाटताना मी मोबाइलवर तिचा फोटो दाखवला, तर तिथेही तेच. मी वैतागून म्हणालो, "अहो अण्णा, माझी मुलगी आहे, परवाचं बारसं आहे!"

"ते तुमाला ठावं हाय. फोटोला ठावं हाय का?" असं म्हणून त्यांनी पेढा तोंडात टाकला.

असा एखादा माणूस तुमच्याही कंपनीत असेल, जो काही वाईट करत नाही आणि तरीही ज्याच्यासमोर आपण जपून बोलतो. चाकणला पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या आमच्या प्रेस शॉपमध्ये अण्णा क्वालिटीला होते. पंचक्रोशीतल्याच शेतकरी घरातले, पन्नाशी ओलांडलेले. बिघडलेले पार्ट, मोडलेल्या ट्रॉल्या, गळणारं तेल यांचे फोटो काढायचे, एवढंच त्यांचं काम. दुसरा कुणी असता तर फोटो ग्रुपवर टाकून मोकळा झाला असता. अण्णा मात्र कंपनीचा कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायचे, एकेक फाईल उघडून तिच्या आतल्या माहितीच्या रकान्यात एका बोटाने काहीतरी टाइप करत बसायचे. त्या ओळी फोटोवर दिसत नाहीत, फाईलच्या पोटात राहतात. कुणाला माहीत असेल तोच उघडून वाचणार.

आता सांगा, संशय येणार नाही तर काय होणार? दिसेल असं लिही ना बाबा! शॉपमध्ये सगळ्यांचं एकमत होतं, हा साहेबांचा माणूस. ते कॅमेरा घेऊन निघाले की तंबाखू मळणारे हात खिशात जायचे. मी शिफ्ट सुपरवायझर, माझी तर खात्रीच होती की माझ्यावर एक वेगळं फोल्डर आहे.

एकदा चहाच्या सुट्टीत मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यांना कळलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "चोरून कशाला, बसा की. वाचा."

वाचलं. 'ट्रॉलीचे चाक निसटले आहे. स्टोअरला नवीन मागितले आहे.' खाली तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव. बस्स. माझा संशय उलट वाढला. इतकं साधं दाखवतोय म्हणजे खरं कुठेतरी दुसरीकडे आहे, पाणी मुरतंय नक्की. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

का लिहिता, असं मी एकदा कँटीनमध्ये विचारलं होतं. आधीच्या कंपनीत गंजलेल्या पार्टचा भलत्याच लाइनीवरचा फोटो त्यांच्या नावावर खपवला गेला होता. आठ दिवस घरी बसवलं होतं. "फोटो खोटं बोलत न्हाई साहेब," ते भाकरी मोडत म्हणाले, "पन लई गरीब असतो. ज्याच्या हातात जाईल त्याचंच ऐकतो." त्यांच्याबद्दल तेव्हा वाईट वाटलं. पण जेवण संपेपर्यंतच.

मग सात नंबरच्या प्रेसवर तो अपघात झाला. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसच्या पुढे जाळी असते. तिचा एक बोल्ट तुटून ती लोंबत होती. गंगाधर नावाचा ऑपरेटर, लातूरकडचा, कंत्राटावरचा. त्याने मला ते दाखवलं होतं. मी म्हणालो होतो, "एवढा लॉट काढ, मग बघू." लॉटमागून लॉट निघाले आणि बघायचं राहिलं. त्याची दोन बोटं गेली. वरून ठरलं की जाळी गंगाधरनेच काढली होती. त्याची चौकशी लागली, म्हणजे कामावरून जाणार हे उघड होतं. आणि मी गप्प बसलो. लाज वाटते सांगायला, पण बसलो.

तिसऱ्या दिवशी अण्णांची बदली गोडाउनला झाली. दुपारी शिफ्ट सुटताना त्यांनी मला गेटवर गाठलं आणि हातात पेनड्राइव्ह ठेवला.

"सात नंबरच्या जाळीचा फोटो हाय. कॉम्प्युटरवरचं समदं सकाळीच पुसलं कुणीतरी. तुमचंबी नाव हाय आत."

"मग मला कशाला देताय?"

"तुमचं नाव हाय म्हून तर."

एवढं बोलून ते बसस्टॉपकडे चालू लागले.

थेरगावला घरी येऊन मी फाईल उघडली. अपघाताच्या दहा दिवस आधीची तारीख. 'प्रेस सात. जाळीचा बोल्ट तुटला आहे. ऑपरेटर गंगाधर यांनी दाखवले. सुपरवायझरना सांगितले आहे.' पुढे माझं पूर्ण नाव.

त्या ओळी खोडायला दहा सेकंद पुरले असते. तेही नको असेल तर फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की झालं. वाटेत आतली माहिती गळून पडते, नुसतं चित्र पोचतं. मी माउसवर हात ठेवून बसलो. आणि खोडलं नाही. का, ते खरं सांगतो. मला वाटलं, हा म्हातारा असा कच्चा नाही. याने दुसरी प्रत ठेवलेली असणारच. मी खोडलं किंवा दाबून ठेवलं की चौकशीत तो ती काढणार आणि माझी गचांडी धरणार. हा माझी परीक्षा बघतोय!

चौकशीत मॅनेजरनी गंगाधरला विचारलं, "जाळी तुटल्याचं कुणाला सांगितलंस?" बँडेजचा हात मांडीवर घेऊन बसलेल्या गंगाधरने एकदा माझ्याकडे पाहिलं. "ध्यानात नाही, साहेब," तो म्हणाला. मला सांभाळून घेत होता बिचारा. नोकरी टिकलीच तर उद्या माझ्याच हाताखाली काम करायचं होतं ना त्याला.

मी पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, माहिती उघडली आणि मोठ्याने वाचली. माझ्या नावासकट.

गंगाधरवरचा आरोप गेला. तो स्टोअरला लागला. माझं सुपरवायझरपद गेलं, पण शॉपमध्ये काय कौतुक! "काय छाती आहे राव तुमची!" म्हणून पोरं पाठ थोपटायची. मीही थोपटून घ्यायचो.

पाच-सहा महिन्यांनी कळलं की अण्णा नोकरी सोडून गावी शेतावर गेले. मी फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर हसत हसत म्हणालो, "अण्णा, आता तरी सांगा. दुसरी प्रत कुठे लपवली होती?"

"दुसरी?" ते म्हणाले. "दुसरी कशाला ठिवू? येकच व्हती. तुमाला दिली की."



"साहेब? हाय का लायनीवर?" ते पलीकडून विचारत राहिले.