काकीने पाठवलेला बदल

काकीला मी खुर्चीवर बसलेलं कधी पाहिलंच नाही. पोलादपूरच्या आमच्या घरात तिचा लॅपटॉप तांदळाच्या पिंपावर असायचा आणि ती त्याच्यापुढे उभी, सारखी या पायावरून त्या पायावर. मध्येच भाजी ढवळून यायची, मध्येच अंगणात जाऊन आभाळ बघून यायची. मी महाडहून कंपनीतून परत आले आणि जरा टेकले, की पिंपापासून हाक ठरलेली, "बसलीस काय? ऊठ!" कशासाठी उठायचं, ते तिलाही माहीत नसायचं.

मुंबईत ती बरीच वर्षं एका ऑफिसात प्रोग्राम लिहायची. काका निवृत्त होऊन गावी आले, त्यांच्याबरोबर तीही आली. पण तिचे हात काही निवृत्त होईनात. मग ती ओपन सोर्सच्या नादाला लागली. म्हणजे असे प्रोग्राम, ज्यांचा कोड सगळ्यांना उघडा असतो. कुणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी, आणि सांभाळणाऱ्यांना पटली तर ती जगभर सगळ्यांच्याच प्रोग्राममध्ये जाते. पैसे कुणी देत नाही. काका म्हणायचे, "म्हणजे लोकांच्या घरी जाऊन फुकट भांडी घासायची." काकी म्हणायची, "लोकांचं घर कसं? चावी माझ्याकडे पण हाय ना!"

तिने धरलेला प्रोग्राम पावसाचे इशारे मोबाइलवर पाठवायचा. आमच्या भागातली काही मंडळी तो वापरत होती. तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून इकडे पाऊस लागला की डोंगराकडे नजर टाकल्याशिवाय कुणाला घास गिळवत नाही. काकीचं माहेर घाटाच्या अंगाला, वरच्या एका वाडीत. तिथे तिचे थोरले भाऊ, आमचे मामा, राहायचे. वाडीत रेंज नाही. ती मिळते वर खिंडीत. प्रोग्राम दोनतीनदा प्रयत्न करायचा आणि नंबर बंद पडला असं समजून सोडून द्यायचा. "माझ्या भावाला मेलेला समजतो हा," काकी म्हणाली आणि पदर खोचून दुरुस्तीला लागली.

एक चूक दुरुस्त करता करता तिला आणखी दहा दिसायच्या. मराठी वाक्यं विचित्र, रंग भडक, कुठे काय. तिने सगळ्याची मोट बांधून एकदमच पाठवून दिली. प्रोग्राम सांभाळणारा गृहस्थ कुठल्या देशातला, ते शेवटपर्यंत कळलं नाही; पण जिथे तिथे खोट काढतो म्हणून काकीने त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. जावईबापूंनी सगळं परत पाठवलं. एका बदलात एकच गोष्ट, म्हणाले. "लावणीला गेलं नि तण दिसलं, तं उपटायचं नाय?" काकी दिवसभर धुसफुसत होती. संध्याकाळी मात्र निमूटपणे एकेक वेगळं करायला लागली.

मुख्य बदल असा होता, की फोन लागला नाही तरी इशारा टाकून द्यायचा नाही, रेंज येईपर्यंत धरून ठेवायचा. जावईबापूंनी विचारलं, तो दुसऱ्या दिवशी पोचला तर? काकीने झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. "न पोचण्यापेक्षा बरंच ना!" आणि ते दाखवून द्यायला तिने आपला बदललेला प्रोग्राम चालवून मामांना एक इशारा पाठवला: मोठा पाऊस येतोय, सगळ्यांना घेऊन खाली शाळेत या. ही चाचणी आहे, एवढं लिहायला अर्थातच तिला धीर नव्हता.

मामा दुसऱ्या दिवशी गुरं घेऊन खिंडीत गेले आणि फोन वाजला. त्यांनी अख्खी वाडी, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, शेळ्यांसकट, रणरणत्या उन्हात शाळेत आणून बसवली. निरोप कळताच काकी आणि मी धावत गेलो. लोक हसत होते, मामा हसत नव्हते. "अगो, ह्ये आजचं का कालचं, मला कसं कळायचं? आता खरं सांगशील, तवा कोण येल?"

काकी शाळेच्या पायरीवर मटकन बसली. तिला बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली. "फोन नव्हते तेव्हा काय करायचे गो? कुणीतरी यायचं." घरी पोचताच पिंपापुढे उभी राहिली. नवा बदल साधा होता. फोन लागला नाही, की प्रोग्रामने आधीच ठरवून ठेवलेल्या जवळच्या माणसाला कळवायचं आणि त्याने जाऊन सांगायचं. मराठी मजकूर तिनेच लिहिला: 'फोन लागत नाही. बसू नका, जाऊन सांगा.' जावईबापूंनी त्याचा अर्थ विचारून घेतला आणि 'बसू नका' याची गरज आहे का, असं विचारलं. काकीने कळवलं, "आमच्याकडे आहे."

उत्तर यायच्या आधीच तिचं हृदयाचं दुखणं निघालं. महाडच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्याही तिचे पाय हलत होते. डॉक्टर काय म्हणाले, ते तिने एकदाही विचारलं नाही. दार वाजलं की, "जावईबापूंचं आलं का?" पाऊस तोंडावर आला होता. एका सकाळी आलं. मी वाचून दाखवलं: बदल स्वीकारला.

"दादाच्या नावापुढे माझा नंबर हाय," ती म्हणाली. "तिथे तुझा टाक."

"तू बरी झालीस की बघू."

"बसलीस काय? टाक!"

मी टाकला. त्याच आठवड्यात ती गेली. पिंप अजून तिथेच आहे. घरात शिरले की माझी मान आपोआप तिकडे वळते, आणि कुणी उठवत नाही म्हणून बसवतही नाही.

श्रावणात एका दुपारी माझा फोन वाजला. मामांचं नाव, आणि खाली काकीचं वाक्य. पुढ्यातला चहा तसाच टाकून मी निघाले. शाळेपाशी स्कूटर लावली आणि धो धो पावसात पायवाट चढले. वाटेत एकच धास्ती होती, मामा विश्वास ठेवतील का? ते दारातच उभे होते.

"मामा, या वेळी खरंच..."

"तू आलीस म्हंजे आजचंच हाय," असं म्हणून ते शेळ्या सोडायला लागले सुद्धा.

मला धाप लागली होती. क्षणभर पायरीवर टेकले.

"बसलीस काय? ऊठ!" मामा म्हणाले.

मी उठले आणि शेजारच्या घराचं दार वाजवलं.