वामनने उतरवलेलं सिमेंट

पडदा वर जातो तेव्हा दातिवरे गावातली माघातली दुपार आहे. डावीकडे काठ्यांवर टांगलेले बोंबील, मागे खाडीचं चढतं पाणी, आणि मध्यभागी भिंतीला कान लावून बसलेला सत्तरीपुढचा माणूस. तो हातोडीने हलकेच ठोकतो, ऐकतो, आणि आवाज पोकळ आला की छिन्नीने सिमेंटचा पापुद्रा उचकटतो. माझी हयात रंगमंचावर गेली, पण इतकं मन लावून ऐकणारा माणूस मी क्वचितच पाहिला.

हा वामन गवंडी. माती-चुन्याचं काम घरचंच; तरुणपणी बोईसरच्या कारखान्यांच्या बांधकामावर तो सिमेंटचं काम शिकला. गावी परतला तेव्हा चुलतभावाच्या विधवेच्या, रखमाच्या घरी लग्न होतं. तिच्या मुलाचं, सुजितचं. घराची भिंत मातीची, वर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा. वामनने तो खरवडून सिमेंट चढवलं. मजुरी नाही, दिराचा आहेर. मांडवात आलेले पाहुणे भिंतीवरून हात फिरवत होते. दोन वर्षांत आळीतल्या आणखी सोळा घरांना त्याच्याच हाताने सिमेंट लागलं.

चुन्यातून भिंतीचा ओलावा वाळायचा, तो आता आत कोंडला. रखमा पावसाळ्यात मनोरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. पहिल्याच पावसात माळ्यावरच्या टोपल्यांना बुरशी धरली. तिने कुणाला न सांगता माल खाडीत टाकला. कोळणीची मासळी बुरसली की लोक तिच्या वाळवण्याला नावं ठेवतात. पुढे सोळा घरांतही तेच झालं, आणि प्रत्येकीने ते लपवलं. काही वर्षांनी भिंतींतले लाकडी खांब बुडातून कुजले. रखमा बोईसरला सुजितकडे गेली. मागोमाग निम्मी आळी बंद झाली.

गेल्या वर्षी आळीतल्या बायकांनी बंद घरं दुरुस्त करून पुन्हा नांदती करायचं ठरवलं. त्यांची पुढारी भाविका. माती आणि चुन्याचं जुनं काम येणारा वामन एकटाच उरला होता. लपवून टाकलेल्या मासळीची गोष्ट तिनेच त्याला सांगितली. तो जेवला नाही त्या दिवशी, असं ती म्हणाली.

रखमाचं घर त्याने पहिलं घेतलं. पावसाआधी वहिनी परत यायला हवी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सिमेंट उतरवलं, नवे खांब बसवले, भिजवलेला चुना गुळाच्या पाण्यात मळला. मीही मळायला बसायचो.

"नाटकवाले, चुना हाय, पावडर नाय," तो म्हणायचा. "तोंडाला लावाल."

चैत्रात रखमा आली. भाविकाला सोबत घेऊन, काठी टेकत सगळं घर फिरली. भिंतीला तळवा लावून बराच वेळ उभी राहिली.

"ब्येस झालाय घर, वामनभावजी."

"मग सामान कवा आनायचा?"

ती ओट्यावर बसली. "मी नाय आता यायची. गुडघे गेले. तिथं नातवंडांची सवय झाली. भाविका, माल्यावर तुमी बाया सुकट ठेवा. घर बंद नको."

भाविकाने मान हलवली. आळीला हवं ते मिळालं होतं. वामन मात्र हातावरचा वाळलेला चुना नखाने काढत राहिला.

"वैनी, पयल्याच पावसात माल खराब झाला ना? मला का नाय बोललात?"

"तुमी हौसेनं केलेला. त्याला नावा कशी ठेवायची? मला वाटला, माजाच माल कच्चा रायला."

समोर आळीतली कुलपं लावलेली दारं होती. त्यांच्याकडे बघतच वामन म्हणाला,

"एक शिवी घालायची होती तवा, वैनी. सोला घरा वाचली असती."