सोडलं की उठवलं

आमच्या तहसील कार्यालयाबाहेर कडुनिंबाखाली एक अर्जलेखक लोकांचे अर्ज लिहीत बसतात. साठी उलटलेली, कानावर नेहमी जास्तीचा पेन. प्रत्येक वाक्य आधी मोठ्यानं म्हणतात, मगच लिहितात. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्यांना विचारतात, "परत येनार ना?" हो म्हटलं की 'स्थलांतर' लिहितात.

एकदा एक म्हातारी आली. तिचं गाव कोळशाच्या खाणीत गेलं होतं आणि नव्या वस्तीच्या पत्त्यावर तिला रेशनकार्ड हवं होतं.

"लिवा भाऊ, मी गाव सोडलं," ती म्हणाली.

त्यांनी पेन खाली ठेवला. "तुमी नाई सोडलं, बाई. सोडनारा मांगं वळून पायते, तवा गाव तिथीच असते."

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. त्यांनी लिहिलं, 'गाव उठवले.'

अर्ज माझ्या टेबलावर आला. तो घेऊन मीच बाहेर गेलो.

"भाऊ, हे चालणार नाही. 'स्थलांतरित' लिहा, नाहीतर बाईंचं कार्ड अडकेल."

त्यांनी एकवार म्हातारीकडे पाहिलं आणि शब्द बदलला. कागद माझ्या हाती देताना म्हणाले, "साहेब, तुमचं गाव कोनतं?"

"सिंदेवाहीजवळ."

"हाय ना अजून?"

"आहे."

"मंग तुमाले हा शब्द जमते."

म्हातारीचं कार्ड महिन्याभरात निघालं. त्यांचं स्वतःचं गाव कोणतं, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारायचा धीर होत नाही.