बाथरूमची शीट आन् आमच्या बुढ्याची आंघोळ

एक दिवस आंघोळ नसती केली तर काय बिघडलं असतं, सांगा बरं! ग्रुपवाल्यांनो, नमस्कार मागून घ्या.

आमच्या बाथरूमची फरशी लय घसरते. नव्या टाईल्सची ऐपत नाही, म्हणून सक्करदऱ्याच्या बाजारातून प्लास्टिकची शीट आणली आन् काल संध्याकाळी मीच गोंदानं चिकटवली. गोंद वाळेपर्यंत पाणी टाकू नका, असं दुकानदारानं बजावलं होतं.

पण आमचा बुढा, म्हंजे माह्या नवरा, आंघोळीबिगर चहाले हात लावत नाही. सकाळीच बादली घेऊन निघाला. मी म्हटलं, "अजी, आज अंग पुसून घ्या." तर म्हणे, "पुसाले मी काय खिडकी आहो काय वं?"

पाणी शीटखाली गेलं, शीट उचलली, पाय अडकला आन् बुढा पडला. हाडं शाबूत आहेत. पण आता बाथरूमचं दार पाहूनच तो मागं फिरून राहिला. शीट मी उखडून फेकली, तर खाली गोंदाचा चिखल. फरशी पहिल्यापेक्षा जास्त घसरते.

दुपारी त्यानं आंघोळ न करताच चहा मागितला. लग्नापासून पहिल्यांदा. मी करून देल्ला.

आता त्याची भीती कशी घालवू? ज्याच्या घरचा पडलेला म्हातारा पुन्हा एकटा बाथरूममध्ये गेला, त्यानंच उत्तर द्यावं. बाकीच्यांनी हात जोडलेले फोटू धाडू नका.