याकोबाची बाजू

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली. बाईंचा विषय निघाला की मी चहा मागवायचो.

कुणीही शास्त्रातलं वचन म्हटलं की बाईंचं बोट वर जायचं. "थांबा. हे कोण म्हणतंय?" 'बायबल म्हणतं' हे उत्तर त्यांना चालत नसे. "बायबल म्हणजे काय एक माणूस आहे? नाव सांगा."

त्या निवृत्त शिक्षिका. शिरूरच्या आमच्या चर्चमध्ये बुधवारी संध्याकाळी आम्हा म्हाताऱ्यांचा वर्ग घ्यायच्या. घरी दुसरं कुणी नव्हतं. त्यांचा आठवडा त्या बुधवारावर उभा असायचा. प्रत्येकाला त्यांनी बायबलातला एकेक लेखक वाटून दिला होता. त्याची बाजू त्यानंच लढवायची. कवठ्याचे आप्पा पौल, म्हणजे माणूस कृतीनं नाही, विश्वासानं तरतो म्हणणारा. मी कमिटीचा सेक्रेटरी, कामाचा माणूस, म्हणून याकोब, कृतीवाचून विश्वास मेलेला म्हणणारा.

"इस्वास ठेवला म्हंजी झालं," आप्पा म्हणायचे. "करनी करून कोन तरलंय?"

"मग कांद्याला पाणी कोण देणार?" मी विचारायचो.

"याकोब आज घरून भांडून आलेत," बाई खूश.

एकदा वाद निघाला, देव बोलतो कसा. मोशेशी जळत्या झुडपातून, एलीयाशी हळू आवाजात, ईयोबाशी वादळातून.

"आमची विहिरीवरची मोटार जळाली," आप्पा म्हणाले. "त्यातनं फकस्त वायरमन बोलला."

बाई पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "'सगळं व्यर्थ' म्हणणाऱ्या त्या उपदेशकाशी देव एक अक्षर बोललेला नाही. तरी त्याचं पुस्तक शास्त्रात आहे. त्यालाही बसायला जागा आहे."

पुढं तक्रार आली, बाई पवित्र लेखकांत भांडणं लावतात. वर्ग बंद करायचा ठराव कमिटीपुढं आला. माझा बाईंवर पूर्ण विश्वास होता. मी गप्प बसलो आणि मंजूर झालेला ठराव सुवाच्य अक्षरात लिहून काढला.

रविवारी बाई भेटल्या. "काय याकोब, बरे आहात ना?" एवढंच.

नंतर त्या दौंडला भाचीकडं राहायला गेल्या. मी एकदा पेरू घेऊन गेलो. "बाई, त्या मीटिंगचं जरा..."

बोट वर. "थांबा. हे कोण बोलतंय? पौल असतील तर न बोलताच माफ. याकोब असतील तर आधी वर्ग सुरू करून या, मग बोला."

"बघतो," म्हणालो आणि परतीची एसटी पकडली. दर मीटिंगला मी विषय काढायचं ठरवत होतो. तेवढ्यात बाईच गेल्या.

दफनाच्या वेळी पाळकांनी वचन वाचलं. कोण म्हणतंय, कुणी विचारलं नाही. आप्पा माझ्या कानाशी लागले. "बाईंला कायतरी सांगायचं व्हतं न्हवं तुमाला? सांगा की आता."

मी मूठभर माती टाकली आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.