अर्ध्या रियालची सुरमई

१४ मे १९९९. वसईत दादाच्या घरी वहिनी आणि मी मांदेली साफ करत बसलो होतो. मस्कतहून मी दोन वर्षांनी महिनाभरासाठी आले होते. डोकी मोडता मोडता कंटाळले आणि म्हणाले, "राहू दे हे. आज बाहेर जेवू सगळे."

"काम टाळायला बरं सुचतं तुम्हाला, वन्सं," वहिनी म्हणाली. मांदेली फ्रीजमध्ये गेली.

स्टेशनजवळच्या हॉटेलात मेनूकार्ड मीच हातात घेतलं. सुरमई फ्राय पंचावन्न रुपये, म्हणजे अर्धा रियाल. "एवढ्यात तिकडे धड जेवणही येत नाही," मी मोठ्यानं सांगितलं आणि सुरमई, कोळंबी, तिसऱ्या असं मागवत सुटले. तिकडे मी रियालचे रुपये करते आणि बाहेर चहासुद्धा पीत नाही. इकडे उलटा हिशेब करून मोकळी झाले.

"आत्या, आइस्क्रीम पण?" भाचीनं विचारलं.

"दोन घे."

वहिनी म्हणाली, "मला नुसता डाळभात."

"घरी रोज तेच खातेस ना? इथे तरी माणसासारखं खा."

ती डाळभातच जेवली.

बिल आलं. मी पर्स उघडेपर्यंत दादाचा हात बिलावर पडला होता. "माहेरी आलेली बहीण पैसे देणार? वेडी आहेस का?" आमच्या घरात लग्न झालेल्या मुलीनं कधी जेवणाचे पैसे दिलेले नाहीत. हे मला त्याच्याइतकंच माहीत होतं. वालीवचा त्याचा कारखाना दिवाळीपासून आठवड्याला तीन दिवस चालतो, हेही त्यानं पत्रात कळवलं होतं. मी विसरले नव्हते, मला फक्त आठवलं नाही.

दादानं खिशातून पाकीट काढलं, कागदाचं. वर भाचीच्या क्लासचं नाव होतं.

"बाबा, ही तर माझी फी..."

वहिनीनं तिचा हात दाबला. वेटर बडीशेप घेऊन उभाच होता. मी दोनदा "मी देते" म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा डबा घेऊन वालीवला पायी निघाला, तशी मीही बरोबर निघाले. पूर्वी तो रिक्षानं जायचा.

"दादा, काल चुकलंच माझं. फीचे पैसे मला देऊ दे."

"फीचं मी बघतो," तो चालता चालता म्हणाला. "हिला काय बोललीस ते आठव. रात्रभर भिंतीकडे तोंड करून होती."

मी तिथूनच मागे फिरले. टँकर आला होता आणि वहिनी बिल्डिंगखाली रांगेत होती. चार बायकांसमोर मी म्हणाले, "वहिनी, काल मी फार वाईट बोलले तुला."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "आधी तो हंडा पुढे सरकवा," म्हणाली. मी सरकवला आणि तिच्या मागे रांगेत उभी राहिले.